टेकू

छोटा टॅब्लेट घरात आला की सुरुवातीचे काही दिवस सगळे तो कौतुकाने हातात धरतात. मग मनगट दुखायला लागतं. मग तो मांडीवर येतो, मांडीवरून उशीवर जातो आणि शेवटी जेवणाच्या टेबलावर कशाला तरी टेकवून उभा केला जातो. तिथून पुढे त्याचं सगळं आयुष्य टेकूवर जातं.

कोणी काय टेकू लावलाय, हे पाहण्यासारखं असतं. काही घरांत साखरेचा डबा असतो. हा टेकू चहाच्या वेळी निकामी होतो. काही घरांत दिवाळी अंकांचा गठ्ठा असतो. त्यातला वरचा अंक गुळगुळीत मुखपृष्ठावरून हळूहळू घसरत राहतो आणि साधारण ठळक बातम्या संपायच्या सुमाराला टॅब्लेट आडवा होतो. आमच्या ओळखीच्या एका आजोबांनी चष्म्याची केस लावली होती. चष्मा काढायला केस उचलली की टॅब्लेट पडायचा, आणि केस उचलली नाही तर टॅब्लेटवरचं दिसायचं नाही. आजोबा निवृत्त असल्यामुळे त्यांना हा प्रश्न दिवसभर पुरायचा. आणखी एका घरी पणजोबांची पोथीची ठवणी माळ्यावरून काढली. सागवानी, एकाच फळीतून कोरलेली, फुलीसारखी उघडणारी. दिसायला असा स्टँड जगात नाही. पण पोथी रुंद असते आणि वाचणारा तिला टोचत नाही. आठ इंची टॅब्लेट ठवणीच्या दोन पंखांमधल्या फटीत जाऊन बसला आणि तो बाहेर काढायला लहान मुलाचा हात लागला.

टेकूवर सरकारं पाच-पाच वर्षं निघतात. टॅब्लेट पाच मिनिटं निघत नाही. कारण सरकारला आपण पाच वर्षांतून एकदा बोट लावतो, तेही शाई लावून घेऊन. टॅब्लेटला दिवसभर लावत असतो.

स्टँड घ्यायला निघालेला माणूस नेमकं हेच विसरतो. तो टॅब्लेट किती जड आहे ते बघतो, किती इंची आहे ते बघतो, स्टँडचा रंग टेबलाला शोभेल का तेही बघतो. बोटाचा विचार कोणी करत नाही. विकणारे तर मुळीच नाही. ऑनलाइन विकायला ठेवलेल्या स्टँडांचे फोटो एकदा निरखून पाहा. पांढरंशुभ्र टेबल असतं, बाजूला कुंडी असते, कुंडीच्या बाजूला कॉफी असते, आणि स्टँडवर टॅब्लेट असतो, ज्यात बर्फाचे डोंगर दिसत असतात. फोटोत माणूस असला तरी तो लांब बसून हसत असतो. एकाही फोटोत कोणी पडद्याला बोट लावत नाही. लावलं तर पुढचा फोटो कुंडीचा काढावा लागेल.

छोट्या टॅब्लेटचं आणि बोटाचं तसं मुळापासूनच जमलेलं नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्जने गुंतवणूकदारांशी बोलताना सात इंची टॅब्लेटची यथेच्छ टर उडवली होती. एवढ्याशा पडद्यावर काम करायचं तर सोबत सँडपेपरही द्यावा लागेल, म्हणजे लोकांना बोटं घासून बारीक करता येतील, असं त्याचं म्हणणं. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका कार्यक्रमात त्याने सांगितलं की उभ्या पडद्याला हात लावत बसणं माणसाला झेपत नाही, थोड्या वेळाने हात गळून पडेलसं वाटतं. पुढे दोनच वर्षांनी, तो गेल्यानंतर, त्याच्याच कंपनीने ७.९ इंची आयपॅड मिनी काढला. वजन ३०८ ग्रॅम. सोबत सँडपेपर दिला नाही. स्टँडही दिला नाही.

मधल्या काळात, २०११ मध्ये, आपल्याकडे विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ आला. सात इंची, सरकारला सव्वादोन हजारांच्या आसपास पडणारा. त्याचा पडदा दाबाचा होता. वरचा थर खालच्या थराला टेकेपर्यंत दाबायचा. तो टेबलावर उभा करून वापरायचा असता तर स्टँडचं टेंडर सार्वजनिक बांधकाम खात्याला काढावं लागलं असतं.

आताचे पडदे दाबाचे नाहीत. काचेखाली डोळ्यांना न दिसणारी तारांची जाळी असते, तिच्यात किंचित विद्युतभार असतो, बोट आलं की तेवढ्या जागी तो बदलतो. बोट टेकलं, काम झालं. जोर लावल्याने अधिक काही होत नाही, फक्त बोटाचं टोक चपटं होतं. हे सगळं मी बाबांना नीट समजावून सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं, ‘‘अस्सं’’ म्हणाले, आणि माझ्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावायला असं बोट मारलं की टॅब्लेट साखरेच्या डब्यासकट मागे गेला.

बाबा जिल्हा परिषदेत होते. मराठी तीस, इंग्रजी चाळीस. ज्यांना हे आकडे कळले नाहीत त्यांनी टायपिंगच्या सरकारी परीक्षा दिलेल्या नाहीत. १९५५ साली गोदरेजने देशी बनावटीचा टाइपरायटर काढला, आणि पुढच्या काही दशकांत महाराष्ट्रातल्या हजारो मुलामुलींनी गल्लीबोळांतल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये आपली बोटं कमावली. त्या यंत्रावर कार्बन घालून चार प्रती काढायच्या तर अक्षर नुसतं उमटवून भागत नसे, ते चौथ्या कागदापर्यंत पोहोचवावं लागे. बाबा अजूनही व्हॉट्सॲपवरचा प्रत्येक संदेश चार प्रतींत पाठवतात.

आणि बाबा एकटे नाहीत. ती पिढीच दाबण्यावर वाढली. दारावरची बेल, लिफ्टचं बटण, एटीएमचे आकडे, टीव्हीचा सेल संपत आलेला रिमोट. जितकी घाई तितका जोर, आणि काम झालं नाही तर दुप्पट जोर, हा त्यांचा अनुभवसिद्ध नियम आहे. त्यात वाईट हे की दुप्पट जोर लावेपर्यंत टॅब्लेटने पहिल्या बोटाचं काम केलेलं असतं, त्यामुळे नियम दर वेळी खरा ठरतो.

आईचं उलट आहे. तिचं बोट हलकं, पण ओलं. भाकरीचं पीठ मळता मळता ती रेसिपी पुढे सरकवायला जाते, आणि पाण्याचे थेंब पडले की हे पडदे गोंधळतात. बोट कुठलं आणि थेंब कुठला ते त्यांना कळत नाही. मग आई बोटाऐवजी पेर लावते. मग मनगट लावते. मग कोपर. एकदा तिने गव्हाच्या सत्त्वाची कुरडई बघायला घेतली आणि कोपराने भलतंच काही लागून पुढचा अर्धा तास ती शेअर बाजारावरचं भाषण ऐकत राहिली. बंद करायला हात मोकळा नव्हता.

शिवाय कोनाचा प्रश्न. वाचायला टॅब्लेट मागे रेललेला हवा, व्हिडिओ कॉलला सरळ आणि डोळ्यांच्या उंचीवर हवा. डब्याला टेकवलेल्या टॅब्लेटचा कॅमेरा खालून वर बघतो. त्यामुळे परदेशी मुलंबाळं असलेल्या घरांत दर रविवारी दोन नाकपुड्या, एक हनुवटी आणि फिरता पंखा असं कौटुंबिक चित्र न्यू जर्सीला जातं. आमचा तिकडचा भाचा लहान होता तेव्हा आजोबांचं चित्र काढ म्हटल्यावर त्याने तीन पाती काढली होती.

तेव्हा स्टँड हवा, आणि भक्कम हवा, यावर घरात एकमत झालं. भक्कम म्हणजे काय यावर झालं नाही.

वरच्या मजल्यावर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले काका राहतात. धरणं झाली, कालवे झाले, आता ते सोसायटीच्या पाण्याच्या टाकीकडे बघत असतात. त्यांनी आमची अडचण ऐकून घेतली आणि पहिला प्रश्न विचारला, ‘‘बोटाचं वजन किती?’’

कोणालाच सांगता येईना.

‘‘मग स्टँड कशाच्या जोरावर घेताय? अरे, धरण बांधताना आधी पाण्याचा जोर काढतात. भिंत नंतर. काटा आण स्वयंपाकघरातला.’’

काटा आला. काकांनी तो टेबलावर ठेवला, चष्मा पुसला आणि प्रत्येकाने टॅब्लेटला मारतो तसंच बोट काट्याला मारायचं असं जाहीर केलं. लेकीने बोट लावलं तेव्हा काट्याला ते समजलंच नाही. दुसऱ्यांदा कुठे दहा-बारा ग्रॅम दाखवले. तिच्या पिढीला दाबणं माहीत नाही, ती नुसती पुसते. बायकोचे पन्नास आले, माझे थोडे जास्त. आईने आधी विचारलं, ‘‘कशासाठी मारायचं? रेसिपी सरकवायला की जाहिरात बंद करायला?’’ काकांनी कौतुकाने मान हलवली आणि कागदावर दोन रकाने पाडले. रेसिपीचे साठ. जाहिरातीचे तीनशे दहा.

मग बाबा. बाबांनी बाही सावरली. काटा टेबलासकट हलला. आठशे चाळीस.

‘‘किती आले?’’ बाबांनी विचारलं. सांगितल्यावर त्यांचा चेहरा उजळला. ‘‘सकाळी घेतलं असतं तर नऊशे आले असते,’’ ते म्हणाले.

काकांनी मग कागदावर बाजूने दिसणारा स्टँड रेखाटला आणि आम्हाला जे शिकवलं ते एकाही दुकानदाराने कधी सांगितलेलं नाही. स्टँड मोडत नाही, स्टँड उलटतो. बोट वरच्या कडेजवळ मागे ढकलतं आणि सगळा डोलारा बैठकीच्या मागच्या कडेवर फिरतो. त्याला आवरून धरणाऱ्या गोष्टी दोनच. एक, एकूण वजन. दोन, ते वजन मागच्या कडेपासून किती पुढे पडतं ते. साधारण तीनशे ग्रॅमचा टॅब्लेट, दीडशे ग्रॅमचा स्टँड, वजन मागच्या कडेपासून पाच सेंटिमीटर पुढे, आणि बोट अठरा सेंटिमीटर उंचीवर. गुणाकार-भागाकार केला की उत्तर येतं सव्वाशे ग्रॅम. त्याहून जोरात बोट लागलं की टॅब्लेट उताणा.

‘‘म्हणजे तुझी आई रेसिपी बघेपर्यंत हा टिकेल,’’ काका म्हणाले. ‘‘जाहिरात आली की गेला. तुझ्या वडिलांचा तर प्रश्नच नाही, ते पुराच्या वर्गात येतात.’’

छोटा टॅब्लेट मोठ्याहून सोपा असेल असं आपल्याला वाटतं. तो हलका असतो, ही त्याची अडचण आहे. जड टॅब्लेट स्वतःच्याच वजनाने स्टँडला दाबून धरतो, त्याचं थोडं ओझं तोच वाहतो. छोट्याचं तसं नाही. त्यात तो उभा धरायची सवय. उभा केला की वीस सेंटिमीटर उंच आणि खाली नुसती साडेतेरा सेंटिमीटरची कड. ‘‘आडवा ठेवा की,’’ काका म्हणाले. आडवा ठेवला तर बोट खालच्या उंचीवर लागतं, उलटायची भीती कमी. पण आडव्या टॅब्लेटवर पेपर वाचता येत नाही, असं बाबांचं मत आहे, आणि बाबा हा पुराचा आकडा असल्यामुळे त्यांचं मत डावलून चालण्यासारखं नव्हतं.

‘‘झोपवूनच ठेवला तर?’’ मी विचारलं.

‘‘तर कधीच पडणार नाही. सगळ्यात स्थिर अवस्था तीच. खात्यात आयुष्यभर हेच बघितलं.’’

हे ज्ञान घेऊन आम्ही बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलो. पुण्यात विजेवर चालणारं काहीही आणि त्याला लागणारं सगळं काही त्या गल्लीत मिळतं. फक्त आपल्याला काय हवंय ते आपल्याला माहीत असावं लागतं. दुकानदाराने काचेवर एक एक स्टँड मांडायला सुरुवात केली.

पहिला घडीचा, प्लास्टिकचा, मागे खाचा असलेला. खाच बदलली की कोन बदलतो. हा इतका हलका होता की त्याच्या वजनाबद्दल बोलायचीच गरज नव्हती. दुसरा लवचीक मानेचा, पलंगाच्या कडेला चिमट्याने लावायचा. ह्या प्रकाराला माझा व्यक्तिशः विरोध आहे. एकदा बोट लावलं की तो टॅब्लेट बराच वेळ नाही-नाही करत राहतो, आणि उताणं पडून सिनेमा बघणाऱ्याच्या नाकावर तो नेमका शेवटच्या प्रसंगात उतरतो. तिसऱ्याला टॅब्लेट वरून-खालून पकडणारा चिमटा होता, स्प्रिंगचा. पकड उत्तम. पण २०२१च्या आयपॅड मिनीपासून आवाजाची बटणं वरच्या कडेला गेली आहेत, त्यामुळे असल्या टॅब्लेटला चिमट्याने घट्ट धरलं की तो एकतर किंचाळतो नाहीतर मुका होतो.

चौथा लाकडी. एक ठोकळा आणि त्यात एक खाच. मला हा फार आवडला. त्यात बिघडण्यासारखं काहीच नव्हतं. पण खाच उघड्या टॅब्लेटच्या मापाची होती. उघडा टॅब्लेट सहा-सात मिलिमीटरचा असतो आणि आपण तो कधीच उघडा ठेवत नाही. वर टेम्पर्ड ग्लास, मागे कव्हर, कव्हरच्या कप्प्यात आधार कार्डाची झेरॉक्स आणि सुट्टे शंभर रुपये. कव्हर काढलं तर बसेल, असं दुकानदार म्हणाला. आईने टॅब्लेट पदराखाली घेतला.

पाचवा तो, जो आजकाल सगळीकडे दिसतो. ॲल्युमिनियमचा, दोन बिजागऱ्यांचा, वर-खाली, पुढे-मागे होणारा, पायाला रबराच्या चकत्या, सोबत छोट्या पिशवीत एलन की. दिसायला रुबाबदार. ह्या स्टँडांचं तत्त्वज्ञान समजून घ्यायला हवं. ज्याची बिजागरी सहज फिरते तो टॅब्लेट ठेवला की नमस्कार करतो. ज्याची बिजागरी नमस्कार करत नाही ती फिरवायला दोन माणसं लागतात, आणि त्यातला एक कमरेने बरा असावा लागतो. मधली अवस्था नवा असताना काही काळ असते. मग एलन की लागते, आणि तोवर ती हरवलेली असते.

आणि ॲल्युमिनियमच का? विमान हवेत उडावं म्हणून जो धातू वापरतात, तो ज्या वस्तूने जागचं हलू नये तिच्यासाठी कोणाला सुचला असेल? लोखंडाच्या जवळजवळ एक तृतीयांश वजन. दुकानात मी हे बोलून दाखवलं. ‘‘साहेब, एअरक्राफ्ट ग्रेड आहे,’’ दुकानदार अभिमानाने म्हणाला.

‘‘मजबूत आहे ना?’’ आईने विचारलं.

त्यावर त्याने जे केलं ते जगातला प्रत्येक स्टँड विकणारा करतो. स्टँड काचेवर ठेवला आणि वरून तळहाताने दाबला. दोन्ही हातांनी दाबला. ‘‘बघा. काही होत नाही.’’ वरून भार घेऊन कोसळणं हा स्टँडचा आजार नाहीच. त्यावर कोणी बसायला जात नाही. मी म्हटलं, ‘‘टॅब्लेट लावतो, एकदा बोट मारून बघू.’’ आणि बाबांना पुढे केलं.

दुकानदाराने बाबांच्या बोटाकडे पाहिलं. अनुभवी माणूस. ‘‘डेमो पीस नाहीये,’’ तो म्हणाला.

मग भाव. ह्याबाबतीत आपल्या लोकांचा हिशेब मला कधीच उलगडलेला नाही. वीस-पंचवीस हजारांचा टॅब्लेट घेताना कोणी हूं की चूं करत नाही. त्याच्या काचेवर लावायच्या काचेला पाचशे देतो. ती काच फुटू नये म्हणून कव्हरला हजार देतो. पण हे सगळं ज्याच्यावर उभं राहणार त्याचे सहाशे म्हटल्यावर माणसाचा श्वास अडकतो. ‘‘नुसता स्टँड सहाशे?’’ आई म्हणाली. नुसता ह्या शब्दावर तिने जो भर दिला तो काट्यावर मोजला असता तर बाबांच्या जवळपास गेला असता. तिने स्टँड हातात घेतला, उचलून पाहिला आणि खाली ठेवला. ‘‘वजनच नाही हो ह्याला.’’

काकांनी अर्धा कागद भरून जे सिद्ध केलं होतं ते आईने भांडी घ्यायच्या सवयीने एका उचलण्यात सांगितलं. स्टँड घेताना खरं तर एवढंच करायचं असतं, आणि ऑनलाइन नेमकं तेवढंच करता येत नाही. तिथे लांबी, रुंदी, रंग, साहित्य सगळं लिहिलेलं असतं. वजन असलं तर खोक्यासकटचं असतं. चार इंचीपासून तेरा इंचीपर्यंत सगळ्यांना चालतो असं लिहिलेलं असतं, म्हणजे फोनला फार मोठा आणि मोठ्या टॅब्लेटला फार छोटा. आठ इंचीचं माप कोणी डोळ्यांसमोर ठेवलेलंच नसतं. मग आपण अभिप्राय वाचतो. पाच चांदण्या देणाऱ्याने लिहिलेलं असतं, अजून उघडलं नाही पण पॅकिंग छान आहे. एक चांदणी देणाऱ्याने लिहिलेलं असतं, स्टँड उत्तम, डिलिव्हरीवाला वर आला नाही. टॅब्लेट पडला का, हे सांगायला कोणी परत येत नाही; बहुधा ज्याच्यावरून लिहायचं तोच फुटलेला असतो.

आम्ही ॲल्युमिनियमचा स्टँड साडेचारशेला घेतला. काकांनीच तसं सांगून पाठवलं होतं: बिजागरी बघून घे, बैठक बघू नको, बैठक आपण करू.

काकांच्या मनात कडप्पा होता. आमच्या सोसायटीत गेल्या काही वर्षांत सगळ्यांनी ओट्याचे कडप्पे काढून ग्रॅनाइट बसवले. जुने काळे कडप्पे जिन्याखाली उभे आहेत. कोणी टाकत नाही, कारण चांगले आहेत. कोणी नेत नाही, कारण उचलत नाहीत. काकांनी त्यातला एक निवडला. आंध्रातल्या कडप्याहून आलेल्या ह्या दगडावर अर्ध्या महाराष्ट्राच्या पोळ्या लाटून झाल्या आहेत. ॲल्युमिनियम आणि कडप्पा यांची घनता जवळजवळ सारखीच, हे काकांनी मुद्दाम सांगितलं. फरक इतकाच की स्टँडवाला पत्र्याएवढा धातू देतो आणि जिन्याखाली दगड फुकट आहे. ओट्याचं काम करणाऱ्या माणसाकडून तीस सेंटिमीटर बाय वीस सेंटिमीटरचा तुकडा कापून आणला. जाडी दोन सेंटिमीटर. तीन किलोच्या वर भरला. त्याला भोक पाडून स्टँडचा दांडा नटबोल्टने आवळला, वरून एम-सील भरलं, आणि खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे चिकटवले. काकांनी पुन्हा गणित केलं. बाबांचं आठशे चाळीस ग्रॅमचं बोट गृहीत धरून सुरक्षा गुणांक दोनच्या वर. ‘‘बाबांनी दोन बोटांनी मारलं तरी चालेल,’’ काकांनी परवानगी दिली.

तीनशे ग्रॅमच्या टॅब्लेटला साडेतीन किलोचा स्टँड. लेकीला तो बघून लाज वाटली. तिच्या मैत्रिणी आल्या तेव्हा तिने त्याच्यावर टॉवेल टाकला, आणि मैत्रिणींनी टॉवेलखाली देव आहे असं समजून नमस्कार केला. पण उद्घाटन झोकात झालं. बाबा खुर्चीत बसले. पेपर उघडला. पान उलटायला बोट मारलं. टॅब्लेट केसभरही हलला नाही. रेसिपीला हलला नाही, जाहिरातीला हलला नाही. बहिणीचा कॉल आला तेव्हा पहिल्यांदाच आईचा आणि बाबांचा पूर्ण चेहरा पलीकडे गेला. बहीण म्हणाली, ‘‘बाबा, केस किती पांढरे झालेत तुमचे!’’ पंख्याच्या काळात हे कळलं नव्हतं.

तक्रार आली ती बाबांचीच. बोट दुखतं म्हणाले. आधी टॅब्लेट मागे जायचा तेव्हा जोर निघून जायचा, आता सगळा परत येतो. काकांनी न्यूटनचं नाव घेतलं आणि विषय मिटवला. त्यानंतर बाबांचं बोट खरंच हलकं झालं असेल असं कोणाला वाटेल. झालं नाही. त्यांनी बोट बदललं; आता मधलं वापरतात, ते अधिक जाड आहे.

मग एक दिवस बाबांनी बातमीवर बोट मारलं आणि ताटातली आमटी सांडली. टॅब्लेट जागेवर, स्टँड जागेवर, टेबल हललं होतं. काका आले. टेबलाखाली वाकून त्यांनी चारही पाय तपासले. ‘‘जोर कुठे तरी जाणारच,’’ ते आतूनच म्हणाले. ‘‘स्टँड घट्ट केला, आता तो टेबलात उतरला. तीन पायांची तिवई कधी डुगडुगत नाही. चौथा पाय आला की भानगड.’’ त्यांनी चौथ्या पायाखाली वर्तमानपत्राची घडी घातली. टेबल घट्ट झालं. बाबांनी बोट मारून दाखवलं. टेबल हललं नाही. टेबलाखालची फरशी मात्र ठक् वाजली.

काकांनी बोटाच्या पेराने ती फरशी वाजवून पाहिली. मग शेजारची. मग भिंतीपर्यंत रांगत जाऊन तिथली. परत येऊन ते खुर्चीवर बसले, कागद मागून घेतला आणि बाबांकडे बघत म्हणाले, ‘‘मागच्या सर्वसाधारण सभेत मी हेच सांगत होतो. तेव्हा तुम्हीच विरोध केलात. रीडेव्हलपमेंटशिवाय ह्या टॅब्लेटला इलाज नाही.’’